बोट ठरवण्याआधी माणसे मोजा

"ह्यांनी जन्मभर बोटी बांधल्या, पण बोटीवर एक रात्र काही काढली नाही. मला काढायची आहे."

आई हे बोलली तेव्हा आम्ही तिच्या पंचाहत्तरीचा बेत आखत बसलो होतो. दादाच्या डोक्यात मंगल कार्यालय होते, वहिनींच्या डोक्यात साड्या होत्या, आणि माझ्या डोक्यात, सवयीप्रमाणे, खर्च होता. वडील माझगाव गोदीत फिटर होते. नवे जहाज पाण्यात उतरले की ते काठावरूनच त्याला नमस्कार करीत आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या जहाजाच्या कामाला लागत. त्यांना जाऊन आठ वर्षे झाली. आईने आजवर आम्हा भावंडांकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे तिने मागितले ते असे एकदम समुद्रातलेच मागितले, तेव्हा कोणालाच 'नाही' म्हणता येईना.

रेवसची लाँच किंवा गोव्याची बोट सुचवून पाहिली. पण ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, याने डोके वर काढले. शिडाच्या होड्या चालवण्याचे प्रशिक्षण घेऊन त्याने प्रमाणपत्र मिळवले होते. "मामा, आठ जण आहोत. आपलीच एक यॉट भाड्याने घेऊ. सात दिवस. कुठल्या तरी उष्ण देशातल्या बेटांत. बोट मी चालवीन!"

शेवटचे वाक्य सोडून सगळे मान्य झाले. त्या शेवटच्या वाक्यावरून घरात पुढे किती रामायण झाले ते सांगतोच. पण अशी यॉट हल्ली मध्यमवर्गी कुटुंबेही चार घरांनी मिळून घेतात, आणि घेताना आमच्यासारखीच चुकतात. म्हणून आम्ही काय पाहिले आणि काय पाहायला विसरलो, ते क्रमाने लिहितो.

पहिला प्रश्न : कोणता समुद्र आणि कोणता महिना?

बोट पाहण्याआधी वारा पाहावा. जगभर यॉट भाड्याने घेणाऱ्यांची सर्वांत आवडती जागा म्हणजे कॅरिबियन समुद्रातली ब्रिटिश व्हर्जिन बेटे. बेटे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, मधला समुद्र आडोशाचा. पण मुंबईहून तिथे जायचे म्हणजे दोन-तीन विमाने बदलणे आले, आणि १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा हंगाम. सप्टेंबर २०१७ मध्ये 'इर्मा' वादळाने तिथल्या बंदरांत बांधून ठेवलेल्या यॉट एकावर एक रचून ठेवल्या होत्या. थायलंडचा फुकेतकडचा किनारा नोव्हेंबर ते एप्रिल चांगला. आम्ही शेवटी सेशेल्स बेटे ठरवली. एक तर ती आपल्याच हिंदी महासागरात. आणि विषुववृत्तापासून चार-पाच अंश दक्षिणेला असल्यामुळे तिथली मुख्य बेटे चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर पडतात.

आईला कारण वेगळेच पटले. माहे या मुख्य बेटावर १९७१ साली विमानतळ झाला. त्याआधी तिथे जायचे तर बोटीनेच, आणि मुंबईहून पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या बोटी वाटेत सेशेल्सला थांबत. "म्हणजे हे मुंबईच्या बोटींच्या वाटेवरचेच गाव," असे आई म्हणाली, आणि प्रश्न मिटला.

महिन्याच्या बाबतीत मात्र आम्ही थोडक्यात वाचलो. आईचा जन्म आषाढातला. दादाने जुलैतल्या तारखा जवळजवळ पक्क्या केल्या होत्या, कारण त्या महिन्यात भाडे जरा कमी दिसले. भाच्याने नकाशा काढून दाखवला. मे ते ऑक्टोबर तिथे आग्नेयेकडून वारा वाहतो, आणि जून ते सप्टेंबर तो सर्वांत जोरात असतो. हाच वारा विषुववृत्त ओलांडून वळतो आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारा होऊन येतो. थोडक्यात, आपल्याकडे ज्या वाऱ्याने छत्र्या उलट्या होतात, त्याच वाऱ्यात आम्ही आईला शिडाच्या होडीत बसवायला निघालो होतो! डिसेंबर ते मार्च वारा वायव्येकडून येतो आणि पाऊसही त्याच सुमारास जास्त. या दोहोंच्या मधला एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ वारा बदलण्याचा. तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो. म्हणून वाढदिवस घरी साजरा करून प्रवास दिवाळीनंतर ठेवला. शांत समुद्राचा एक तोटाही सांगून ठेवतो : वारा नसला की शीड लोंबकळते, इंजिन चालवावे लागते आणि डिझेलचे बिल वाढते. तो तोटा आम्ही आनंदाने पत्करला.

दुसरा प्रश्न : एका धडाची की दोन धडांची?

शिडाच्या यॉटचे ढोबळ दोन प्रकार. एका धडाची बोट वाऱ्याने एका अंगावर कलते. चालवणाऱ्याला त्यातच मौज वाटते, पण पोटात चहा असलेल्याला वाटत नाही. दोन धडांची ती कॅटमरान. हा शब्द मूळ तमिळ, 'कट्टुमरम', म्हणजे एकत्र बांधलेली लाकडे. ती फारशी कलत नाही, मध्ये बैठकीची प्रशस्त खोली असते, आणि तळ उथळ असल्यामुळे किनाऱ्याच्या जवळ जाता येते. भाडे अर्थातच जास्त. भाच्याचा जीव एका धडाच्या देखण्या बोटीवर जडला होता. मी आईच्या गुडघ्यांकडे बोट दाखवले.

पंचेचाळीस फुटी कॅटमरानमध्ये बहुधा चार खोल्या असतात, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर. आम्ही आठ, खोल्या चार. हिशेब अगदी सुटला असे वाटून दादाने हात झटकले. पण जाहिरातीत 'आठ माणसांची सोय' असते ती आठ तरुण आणि परस्परांवर प्रेम करणाऱ्या माणसांची! पलंग भिंतीला लागून असतो. आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचे तर बाहेरच्याला ओलांडावे लागते. खोल्या धडांत खाली असतात, म्हणजे प्रत्येक वेळी तीन-चार उभ्या पायऱ्या. पाण्यातून वर यायला मागच्या बाजूला पायऱ्या असतात. त्यांना धरायला कठडा आहे का, हे छायाचित्रात कोणी दाखवत नाही. आम्ही तो मुद्दाम विचारून घेतला. तीन जोडप्यांना तीन खोल्या, चौथी आईला एकटीला, आणि भाचा बैठकीच्या खोलीतल्या बाकावर, अशी वाटणी आधीच कागदावर केली. ही वाटणी बोटीवर चढल्यावर करू नये. तिथे वहिनींना समुद्राची खोली हवी असते, आणि सगळ्याच खोल्या समुद्राच्या असतात.

तिसरा प्रश्न : तांडेल कोण?

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. यॉट तीन तऱ्हांनी मिळते. नुसती बोट, म्हणजे चालवायची तुम्हीच. त्यासाठी कंपनी प्रमाणपत्र आणि अनुभवाची हकिगत मागते. दुसरी तऱ्हा बोट आणि स्किपर. स्किपर म्हणजे आपल्या कोळ्यांचा तांडेल. तिसरी म्हणजे स्किपर, स्वयंपाकी असा सगळा ताफा. याशिवाय एकेक खोली घेऊन अनोळखी प्रवाशांबरोबर जाण्याचीही सोय असते. ती दोघा-तिघांना स्वस्त पडते, पण मग बोट कुठे थांबायची ते तुमच्या हातात नसते.

भाच्याच्या कागदपत्रांवर कंपनीने नुसती बोट द्यायला होकार दिला. त्यात स्किपरचे दिवसाचे दोनशे युरो वाचत होते. भावोजींचे मत पडले की पोरगा शिकलेला आहे, कागद आहे, कंपनीची ना नाही, मग तुमचीच का? ताई काहीच बोलली नाही, आणि ते जास्त जड गेले. दोन दिवसांनी मला एकट्याला गाठून म्हणाली, "माझ्या पोरावर विश्वास नाही का रे तुझा?"

मी सांगितले, "विश्वास आहे, ताई. पण पोराला होडी वळवता येते. आठ माणसे, त्यांतली एक पंचाहत्तर वर्षांची, परक्या समुद्रात, नांगर कुठे टाकायचा याची रोज जबाबदारी. ती त्याने सुटीत का घ्यावी? आणि काही चुकले तर ते तो जन्मभर विसरेल का?" ताईला ते पटले असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले नाही. भाचा चार दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होता.

स्किपर घेतलात तर त्याला झोपायला जागा आणि जेवण तुम्ही द्यायचे असते, हे लक्षात ठेवा. आमच्या बोटीत दोन्ही धडांच्या टोकाशी छपराच्या झाकणातून उतरायच्या अरुंद जागा होत्या. एकीत स्किपर, दुसरीत स्वयंपाकी. हे आधी विचारले नसते तर चारांतल्या दोन खोल्या त्यांनाच द्याव्या लागल्या असत्या.

चौथा प्रश्न : खरा खर्च किती?

आम्हाला आलेले भाव आठवड्याला पाच हजारांपासून नऊ हजार युरोंपर्यंत होते. आमची बोट सात हजारांची. आठांत वाटले तर माणशी ८७५ युरो, म्हणून सगळे खूष. मग मी वही काढली. स्किपर १,४००, स्वयंपाकी १,२६०, वाणसामान १,२००, डिझेल, पाणी, नांगरपट्टी आणि सागरी उद्यानांची प्रवेशशुल्के मिळून ९००. बेरीज ११,७६०, म्हणजे माणशी १,४७० युरो. युरोला शंभर रुपये धरले तर जवळजवळ दीड लाख, आणि त्यात विमानभाडे नाही. निघताना स्किपर आणि स्वयंपाक्याला खुषी देण्याची रीत आहे, ती वेगळी. शिवाय बोटीचे नुकसान झाले तर म्हणून काही हजार युरो अनामत अडकवून ठेवतात. मोठ्या, पूर्ण ताफ्याच्या यॉटवर तर खाणेपिणे आणि इंधनासाठी भाड्याच्या २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ घेतात आणि शेवटी हिशेब देतात. तेव्हा भाडे कमी आहे म्हणून उडी मारू नये. 'यात काय काय येत नाही?' हा एकच प्रश्न लेखी विचारावा, आणि उत्तरही लेखी घ्यावे.

दोन कंपन्यांनी या प्रश्नाला उत्तरच दिले नाही. त्यांची नावे आम्ही खोडली. तिसरीने यादी पाठवली. बोट कोणत्या सालची, इंजिन कधी तपासले, आणि बिघाड झाला तर किती तासांत माणूस पोचेल, हेही कळवले. तिची बोट जरा महाग होती, तीच घेतली. प्रवासाचा विमा काढताना त्यात शिडाची बोट येते का, हेही वाचून घ्या. पुष्कळदा ते बारीक अक्षरांत वगळलेले असते.

प्रत्यक्ष बोटीवर

भाऊबीज उरकून आम्ही निघालो. व्हिक्टोरिया ही सेशेल्सची राजधानी. तिथे तमिळ लोकांनी बांधलेले विनायगराचे, म्हणजे आपल्या गणपतीचेच, देऊळ आहे. आईने आधी तिथे जाऊन नारळ ठेवला. तिथले चलनही रुपयाच आहे हे पाहून तिला फार बरे वाटले. त्या रुपयाची किंमत आपल्यापेक्षा बरीच जास्त आहे, हे आम्ही तिला सांगितले नाही.

स्किपर तिथलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. आम्ही त्याच्यासाठी प्रश्नांची लांब यादी काढून ठेवली होती. पण पहिला प्रश्न त्यानेच विचारला, आणि तो आईला. "आजी, रात्री तुम्ही किती वेळा उठता?" भाच्याने भाषांतर केले. आई संकोचली, मग म्हणाली, "दोनदा." त्याने लगेच तिची खोली बदलली, पायऱ्यांना सर्वांत जवळची, न्हाणीघराचे दार डाव्या हाताला असलेली खोली तिला दिली आणि पायरीशी रात्रभर एक लहान दिवा चालू ठेवला. पोहता कोणाला येत नाही, औषधे कोण घेते, बोट कोणाला लागते, हे सगळे त्याने एका कागदावर टिपले. बोट आम्हाला कोठे न्यायची आहे, हे त्याने सर्वांत शेवटी विचारले. मी मनात म्हटले, आपण चार महिने बोट निवडत होतो. या माणसाने दहा मिनिटांत माणसे मोजली.

पहिली रात्र त्याने माहेच्या समोरच, सेंट ॲनच्या सागरी उद्यानात काढली. नवख्या मंडळींनी पहिल्याच दिवशी लांब जाऊ नये, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी पहाटे, समुद्र निजलेला असताना, प्रालेंकडे निघालो. सुमारे पंचवीस सागरी मैल, पाच तास. या सफरीतला मोकळ्या समुद्रातला मोठा टप्पा काय तो जाताना हा आणि परतताना हाच. दादा लिंबू हुंगत क्षितिजाकडे पाहत बसला होता. आई मात्र डोलकाठीशी टेकून चकली खात होती.

बोटीवर पाणी ही खरी संपत्ती. आमच्या टाक्यांत सुमारे सातशे लिटर, आणि माणसे दहा. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या आम्हाला तांब्याभर पाण्यात अंघोळ येत होती, म्हणून निभावले. स्वयंपाकी नीरफणसाचे काप तळी, मसूर आणि भात करी. शाकाहारी दोघे आहेत हे आधी लिहून कळवल्यामुळे त्यांचे हाल झाले नाहीत.

प्रालेंवरच्या व्हॅले द मे या वनात दर्याई नारळाची झाडे पाहिली. १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेले हे वन. हे नारळ पूर्वी वाहत वाहत मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्याला लागत. १७६८ पर्यंत त्यांचे झाड कोठे आहे हे बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हते. समुद्राच्या तळाशी उगवते असे लोक समजत. फकिरांची कटोरी त्याच्याच करवंटीची. आईने ती लहानपणी दारात पाहिलेली होती. "त्याचे झाड पाहायला पंचाहत्तर वर्षे लागली," म्हणाली.

पाचव्या दिवशी आम्ही प्रालेंच्या वायव्य टोकाला आन्स लाझिओ या किनाऱ्यासमोर नांगर टाकला. सगळ्या छायाचित्रांत असतो तोच हा किनारा. पांढरी वाळू, गुळगुळीत ग्रॅनाइटचे खडक. रात्र तिथेच काढायची, असे आम्ही घरूनच ठरवून आलो होतो. पण चार वाजता स्किपर आभाळाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "इथे थांबायचे नाही. अंधाराच्या आत कुरियूझला जाऊ."

समुद्र तळ्यासारखा होता. वहिनींचा चेहरा उतरला. भावोजींनी तर "पैसे आपण मोजले ना?" असे मराठीत, पण ऐकू जाईल असे विचारले. कराराप्रमाणे कोठे जायचे ते आम्ही सांगायचे. पण जाणे सुरक्षित आहे की नाही, याचा शेवटचा शब्द स्किपरचा. भाच्याने निमूटपणे नांगराची साखळी ओढायला सुरुवात केली. तासाभरात आम्ही कुरियूझ बेटाच्या आग्नेय बाजूच्या आडोशाच्या उपसागरात होतो.

रात्री अकराच्या सुमारास वारा फिरला. वायव्येकडून झोडपणारा पाऊस आला आणि बेटापलीकडे लाटांचा आवाज सुरू झाला. आमची बोट जागच्या जागी थोडी हलत होती, एवढेच. आन्स लाझिओचा उपसागर त्याच दिशेला तोंड करून आहे. तिथे असतो तर त्या लाटा थेट आमच्या अंगावर आल्या असत्या.

भाचा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ पावसाकडे पाहत होता. मग म्हणाला, "मामा, बोट माझ्याकडे असती तर मी तिथेच थांबलो असतो."

मी काही बोललो नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळी स्किपरने सुकाणू त्याच्या हाती दिले ते दुपारपर्यंत परत मागितले नाही. आभाळात काय पाहून ठरवले, ते मात्र त्याला खुणा करकरून शिकवले. ताईने ते सगळे पाहिले. त्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने माझ्या ताटात जास्तीचा काप वाढला, तेव्हा मी ओळखले की माझ्यावरचा राग गेला.

पाऊस थांबल्यावर त्याच रात्री मला आईची खोली उघडी दिसली. घाबरून वर गेलो, तर ती मागच्या बाकावर शाल घेऊन बसलेली. समोर स्किपर नांगरावर लक्ष ठेवत जागा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्याचे दोघांनाही काही वाटत नव्हते. आईने बोटीच्या कडेवर बोटांनी टकटक करून पाहिले.

"ही लोखंडाची नाही रे."

"नाही, आई. फायबरची आहे."

"ह्यांना नसती आवडली," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "पण रात्र आवडली असती."

मी तिच्याजवळ बसलो. उजाडेपर्यंत आम्ही तिघे तसेच बसून होतो.

घरी आल्यापासून पुष्कळ जण विचारतात, कोणती बोट घ्यावी, कितीची घ्यावी. मी त्यांना आधी विचारतो, "बरोबर कोण कोण येणार? आणि त्यांतले रात्री दोनदा उठणारे कोण?" ते कळले की बोट किती मोठी हवी, महिना कोणता, तांडेल हवा की नको, हे सगळे आपोआप ठरते. दादा आता पुढच्या वर्षीचे बोलू लागला आहे. बोट अजून पाहिलेली नाही. पण माणसांची यादी या खेपेला त्याने पहिल्याच दिवशी केली आहे, आणि त्यात सर्वांत वर आईचे नाव आहे.